उष्टा चमचा

पाहुण्या बाईंनी पाकिटाचा कोपरा फाडला, कॅमेऱ्याकडे बघत त्यातला लगदा तोंडात पिळला आणि डोळे मिटून म्हणाल्या, फारच छान, अगदी हलव्यासारखं. मागे उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. जयवंताने वाजवल्या नाहीत, कारण तिच्या हातात कागदी कप होता. तो तिच्या हातात असायचाच. नमुना जिभेवर घ्यायचा, टाळूला लावायचा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा आणि कपात थुंकायचं; गिळायचं नाही. पोटात काही गेलं की जीभ पोटाची बाजू घ्यायला लागते, असं ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची. इतकी वर्षं ती हेच करत आली होती, आणि कुणी गिळताना दिसलं की तिला हल्ली उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. बाईंच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. नंतर बाई भिंतीवरच्या फलकाखाली, जगातली भूक संपवायचं साल जिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं तिथे, फोटोसाठी उभ्या राहिल्या. जयवंता हात धुवायला बायकांच्या स्वच्छतागृहात गेली, तर थोड्या वेळाने त्याच बाई आत आल्या, बेसिनवर वाकल्या आणि चुळा भरायला लागल्या. बोट घालून त्यांनी हिरड्या घासल्या, जीभ खरवडली, पुन्हा चूळ भरली. बेसिनच्या पांढऱ्या कडेवरून एक तपकिरी ओघळ हळूहळू खाली उतरत होता. आरशात नजरानजर झाली तेव्हा बाई शरमल्या नाहीत. कागदाने ओठ टिपत, गोड हसून इंग्रजीत म्हणाल्या, "तसा चांगलाच आहे. आणि शेवटी आपल्याला कुठे खायचाय?"

त्या गेल्यावरही जयवंता तो ओघळ बघत राहिली. नळ सोडला असता तर तो वाहून गेला असता, पण तिला नळाला हात लावावासा वाटेना. ही किळस बाईंची होती, बेसिनची होती, की सकाळपासून तिच्या तोंडात घर करून बसलेल्या त्या चवीची होती, हे तिला नीट वेगळं करता येत नव्हतं. आणि वेगळं करणं हेच तर तिचं काम होतं. कुकटपल्लीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात शेंगदाणे, साखर, दूधभुकटी, तेल आणि जीवनसत्त्वं यांचा लगदा बनायचा. अतिकुपोषित मुलांसाठी. एकेक पाकीट एकेका मुलाच्या हातात जायचं, पाणी नको, चूल नको, आईने कोपरा फाडायचा आणि मुलाच्या तोंडाशी धरायचं. समुद्रापलीकडच्या छावण्यांमध्ये, जिथली नावं जयवंताला फक्त खोक्यांवर वाचून माहीत होती, मुलं याच्यावर जगत होती, हे खरं होतं. ती चव-विभागाची प्रमुख होती. आणि आज सकाळी, उद्या बंदराकडे निघायच्या मालाचा नमुना तोंडात घेतल्यावर, भाजक्या दाण्याच्या खाली तिला ओल्या पुठ्ठ्याचा, वाळलेल्या रंगाच्या डब्याचा वास लागला होता. खवट. अजून कोवळा, पण खवटच.

तिच्या चव घेणाऱ्या पॅनलमधल्या बारा जणींना तो लागला नव्हता. बाराही जणींनी आपापल्या खणात बसून, रंगातला फरक दिसू नये म्हणून लावलेल्या लाल दिव्याखाली, तीन-तीन कप, दोन जुन्या मालाचे आणि एक नव्याचा, हुंगले, चाखले, थुंकले आणि फरक नाही म्हणाल्या. प्रयोगशाळेतला पेरॉक्साइडचा आकडाही मर्यादेत होता. पण तो आकडा तेल बिघडायला लागलं की चढतो आणि पुरतं बिघडलं की पुन्हा उतरतो. तो चढायचा राहिलाय की चढून उतरलाय हे नुसतं आकड्याकडे बघून कळत नाही. ते ज्या यंत्रावर कळलं असतं ते दुरुस्तीला गेलं होतं. शिवराज सर, कारखान्याचे प्रमुख, तिचं सगळं ऐकून घेत होते. वरंगलकडचा हा माणूस तेलुगूत विचार करायचा आणि तिच्याशी दखनीत बोलायचा, आणि वाईट नव्हता; तो वाईट असता तर तिला सोपं गेलं असतं. छावणीतला साठा संपत आलाय, त्यांनी सांगितलं. जहाज चुकलं तर पुढचं कधी, याचा भरवसा नाही. तोवर तिथली मुलं काय खातील, हे मॅडमनीच सांगावं. "मॅडम, बारा लोगां एक बोल रहे, आप एक बोल रहे. मैं किसकू मानूं?" तिने विचारलं, दोन दिवस थांबता येणार नाही का. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग आवाज खाली आणून, जणू तिची समजूत घालत, म्हणाले, "और थोड़ा इधर-उधर है बी तो क्या जी. भूखे बच्चे कू क्या मालूम पड़ता?" सही उद्या सकाळपर्यंत हवी होती.

मेट्रोत ती दाराजवळ उभी राहिली आणि साडीचा पदर नाकावर धरला. शेजारच्या मुलाच्या पिशवीत समोसे होते. इतरांना तो समोशांचा वास होता. तिला जळकं रबर आणि भिजलेली राख. साथीत तिचं नाक आधी पूर्ण गेलं होतं. दोन महिने जग धुतलेल्या काचेसारखं बिनवासाचं होतं, आणि ते गेल्याचं तिने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला, युवराजला, तेवढं माहीत होतं. नंतर ते परत आलं, पण उलटंसुलटं परत आलं. कॉफीला गटाराचा वास, कांद्याला सडक्या मांसाचा, भाजलेल्या कुठल्याही गोष्टीला राखेचा. डॉक्टर म्हणाले, नाकातल्या तुटलेल्या तारा चुकीच्या जागी जोडल्या जातायत. कधी सुधारेल, कधी नाही. पुष्कळसं सुधारलं. पण काही दिवस असे उगवत की सकाळी चहाचं भांडं चुलीवर चढलं की तिला ओकारी यायची, आणि मग दिवसभर सगळं जग, माणसांसकट, आतून नासल्यासारखं वाटायचं. आज तसाच दिवस होता. म्हणजे सकाळचा तो ओला पुठ्ठा खरा होता की तिच्याच डोक्यात भिजत पडला होता? तिने स्वतःला शिकवलं होतं की खोटा वास राखेचा असतो आणि खरा खवट वास पुठ्ठ्याचा. पण शिकवणारी तीच, शिकणारी तीच, आणि परीक्षा घेणारीही तीच.

अमीरपेटला गर्दी आत घुसली, आणि कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं, त्याच क्षणी तिला ते कळलं. इतकं सरळ होतं की आजवर का कळलं नाही याचंच नवल वाटावं. पॅनलमध्ये नवी मुलगी आली की तिला चार बरण्या हुंगायला दिल्या जात: ताजं, किंचित खवट, खवट, फार खवट. त्या वासांवरून मुलगी आपलं नाक लावून घ्यायची, तबला लावतात तसं. जुनं पॅनल साथीत पांगलं होतं. या बारा जणी त्यानंतर आल्या, आणि त्यांच्यासाठी बरण्या नव्याने तयार केल्या होत्या जयवंताने. तेव्हा तिचं नाक अर्धमेलं होतं. 'किंचित खवट' स्वतःला कळावं म्हणून तिने तेल उन्हात ठेवलं, आणखी ठेवलं, आणखी. कळायला लागलं तेव्हा ते किंचित राहिलेलंच नसणार. मुली त्या बरणीवर शिकल्या. त्यांच्या लेखी खवटपणा तिथून सुरू होत होता. त्याच्या अलीकडचं सगळं ताजं. आज बाराही जणींनी प्रामाणिकपणे, लाल दिव्याखाली, जयवंताच्याच आजारी नाकाने वास घेतला होता आणि सही-शिक्क्यासह सांगितलं होतं की फरक नाही. म्हणजे तिच्याविरुद्ध साक्ष देणारं कुणी दुसरं नव्हतंच. आणि बाजूने देणारंही नव्हतं. तिला हसू आलं, आणि हसण्यासाठी तोंड उघडताच समोशांची राख आत गेली.

भुकेल्या मुलाला काय कळतं. तिला आदिलाबादकडचं ते पोषण-केंद्र आठवलं, जिथे तिला एकदा पाकिटांचा वापर बघायला पाठवलं होतं. अतिकुपोषित मूल अन्न बघून झडप घालतं असं तिला तोवर वाटायचं. सिनेमातून वाटायचं असेल. तिथे उलटं होतं. भूक एका हद्दीपलीकडे गेली की मरते. ते पोर आईच्या मांडीवर म्हाताऱ्यासारखं बसलं होतं, कातडी लोंबलेली, डोळे मोठे आणि कशातच नसलेले. त्याची भूक चाचणी चालू होती. पाकीट तोंडाशी धरायचं. ठरावीक इतकं खाल्लं तर पाकिटं घेऊन घरी, नाही खाल्लं तर आजार आत शिरलाय असं समजून इस्पितळात. पोराने ओठ मिटून घेतले होते. आई गोंजारत होती, मग रागावत होती, मग चारचौघांत लाज वाटून तिने त्याचं नाक चिमटीत धरलं, आणि तोंड उघडल्यावर बोटाने लगदा आत कोंबला. तो तसाच ओठांच्या कोपऱ्यातून परत आला. नर्सने शांतपणे लिहिलं: अनुत्तीर्ण. तेव्हा जयवंताला ते शास्त्रशुद्ध वाटलं होतं. आज त्यातली मेख दिसली. त्या पद्धतीत मूल नापास होऊ शकत होतं. लगदा नापास व्हायला जागाच नव्हती. तिथे छावणीत, ताडपत्रीच्या छपराखाली, एखादं पोर पुठ्ठ्याच्या वासाने ओठ मिटेल, आणि त्याच्या नावापुढे लिहिलं जाईल की याला भूक नाही. आई त्याला चापट मारेल. आणि इथे भिंतीवर बाईंचा फोटो लागेल, डोळे मिटलेला, तृप्त.

गौलीगुड्याच्या बाजूला उतरून तिने रिक्षा केली. बस स्टँडच्या भिंतीपाशी मुतारीचा वास खरा होता. तेवढ्याने तिला बरं वाटलं. काचीगुड्याच्या घरी पोचली तेव्हा यादम्मा, जयवंताच्या सासऱ्यांना, नानांना, दिवसभर सांभाळणारी बाई, चपला घालून दारातच उभी होती. सासरे आज काही खायला तयार नव्हते, तिने तक्रार केली. "इडली मेरे ऊपर थूक दिये. आपका पाकिट खोली तो नवाब साहब आधा खाये." आणि हसत जिना उतरून गेली. नानांचं, म्हणजे केशवरावांचं, हे वर्षभर असंच चाललं होतं. मराठी शाळेचे हेडमास्तर, सगळ्या मोहल्ल्याला शिस्त लावलेला माणूस. आता नावं गेली होती, दिवस गेले होते, आणि घास समोर आला की दात आवळले जात. अंग चिपाडासारखं झालं होतं. कारखान्यातून पास झालेल्या मालाची उरलेली पाकिटं जयवंता त्यांच्यासाठी आणायची. तो गोड चिकट लगदा तेवढा ते चाटून खात. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या पोरांसाठी बनवलेल्या अन्नावर तिचा सासरा तगून होता, आणि याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

बोलायचे ते नानाच, बोलता येत होतं तेव्हा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने आमटीत मीठ आहे का बघायला पळी ओठाला लावली आणि तशीच परत बुडवली. नाना पाटावर बसलेले होते. एक शब्द न बोलता ते उठले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. उष्ट्याची त्यांना विलक्षण किळस होती. त्यांचा पेला वेगळा, चमचा वेगळा. नातवाने चावलेलं बिस्किट पुढे केलं तरी मान फिरवायचे. तिच्या नोकरीचं स्वरूप कळल्यावर पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमच्या सूनबाई थुंकायचा पगार घेतात." सगळे हसायचे, तीही हसायची. आत्ता ते खुर्चीत बसले होते, सदऱ्यावर इडलीचा वाळलेला डाग, आणि तिच्याकडे ती कुणीतरी परकी, पण बरी, बाई असल्यासारखे बघत होते.

पर्समध्ये सकाळच्या मालातलं एक पाकीट होतं. ते काढताना आपण काय करणार आहोत हे तिला माहीत होतं आणि तिने स्वतःला ते पूर्ण वाक्यात सांगितलं नाही. तीन सारख्या वाट्या घेतल्या. दोनमध्ये जुना, नाना रोज खात तो लगदा, एकीत नवा. नव्याच्या वाटीखाली तिने कुंकवाचा ठिपका लावला. मग डोळे मिटून वाट्या ताटात फिरवत राहिली, कुठली कुठे हे स्वतःला कळेनासं होईपर्यंत. तीन चमचे घेतले. नानांच्या गळ्याशी टॉवेल बांधला आणि हनुवटीखाली आपला तळवा धरला.

पहिला चमचा त्यांनी घेतला. जीभ हलली, गळा हलला. दुसरा तोंडात गेला, आणि चेहरा थांबला. सुरकुत्या नाकाच्या दिशेने गोळा झाल्या, वर्गात कुणीतरी चुकीचं उत्तर दिल्यासारख्या, आणि जिभेने ढकललेला लगदा गरम गरम तिच्या तळव्यात पडला. तिने तो हुंगला. राख, नुसती राख. तिला त्यातून काहीच कळलं नाही. वाटी उलटून बघायचा हात तिने आवरला, कारण तिसरा चमचा व्हायचा होता, आणि तो झाल्याशिवाय दुसऱ्याला काही अर्थ नव्हता. पण नानांनी दात आवळले. तिने चमचा ओठांना लावला. ओठ पांढरे होईपर्यंत मिटले गेले. तिने गालाला हात लावला, नाना, घ्या, म्हणाली, आणि तिची बोटं आपण होऊन त्यांच्या नाकपुड्यांकडे गेली. चिमटीत धरण्यासाठी. तेव्हाच दारात युवराजचा आवाज आला.

"काय चाललंय हे?"

तिने हात मागे घेतला. ताट, तीन वाट्या, तिच्या तळव्यातला लगदा, सगळं त्याच्यासमोर होतं, आणि इतकी वर्षं तिच्या कामाबद्दल ऐकल्यावर त्याला ते वाचता येत होतं. त्याने बॅग खाली ठेवली. तिने सांगायचा प्रयत्न केला: उद्या निघायचा माल, बरण्या, तिचं नाक, लहान मुलं आहेत, युवराज, आणि विचारायला दुसरं कुणी नाही. तो ऐकत होता, पण बापाच्या तोंडाकडे बघत. "माझ्या बापावर टेस्ट घेतेस तू," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "त्यांना नाही म्हणता येत नाही म्हणून."

"म्हणता येतं," ती म्हणाली. "आत्ताच म्हणाले."

"मग झालं ना. आता उगा परेशान नक्को करू त्यांना." नाना दोघांकडे आळीपाळीने बघत होते. तिच्या हातात तिसरा चमचा तसाच भरलेला होता, तो युवराजने बघितला. "तो घास तू खा. तू तर कधी गिळत नाहीस. दुसऱ्यांनी गिळायचं, तू थुंकायचं. खा ना."

त्याला ते बोलायचं नसावं. त्याने लगेच मान वळवली. पण ते खोलीत राहिलं. तिने चमच्याकडे पाहिलं. यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. चांगलं असेल किंवा नासकं. तिच्या नाकाला दोन्ही सारखंच, जळकं रबर. कागदी कप हाताशी नव्हता. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते, कुठलंही लहान मूल बघतं तसं, हिचं काय होतंय ते बघून मग ठरवू अशा नजरेने. तिने चमचा तोंडात घातला. राख जिभेवर पसरली, टाळूला चिकटली, दातांच्या फटीत शिरली, आणि सगळं शरीर ते बाहेर टाकायला एकवटलं; बेसिनवर वाकलेली ती बाई तिच्या आत वाकली. तिने चेहरा हलू दिला नाही. ओठ मिटले, डोळे उघडे ठेवले, आणि गिळलं. मग ती हसली आणि म्हणाली, "छान आहे, नाना." पाहुण्या बाईंचाच शब्द, जवळजवळ त्याच स्वरात.

नानांनी तोंड उघडलं.

वेगळा स्वच्छ चमचा घ्यायला ती वळली, तर त्यांनी तिचं मनगट धरलं, हाडांच्या पकडीने, आणि तिच्या तोंडातून निघालेल्या त्या चमच्याकडेच बोट केलं. तिने तोच तिसऱ्या वाटीत बुडवून त्यांना दिला. त्यांनी खाल्लं. चमचा चाटला. पुन्हा तोंड उघडलं. युवराज भिंतीला टेकून उभा होता. उष्ट्याबद्दल या घरात काय काय झालं होतं ते त्यालाही आठवत असणार. वाटी संपल्यावर तिने तिन्ही वाट्या एकेक करून उलटल्या. कुंकू दुसरीखाली होतं.

शिवराज सरांनी फोन लगेच घेतला. ती म्हणाली की सही होणार नाही. ते बराच वेळ बोलले, जहाजाबद्दल, साठ्याबद्दल, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. गोदामात मागच्या मालाची जेवढी खोकी आहेत तेवढी पाठवा, ती म्हणाली. कमी पडतील, मला माहीत आहे. मग जे ते विचारणारच होते, ते त्यांनी विचारलं. "किसकी जबान पे, मॅडम? बारा लोगां के खिलाफ कौन?"

"एक जण आहेत. ऐंशीच्या घरातले. त्यांना माझं नावही आठवत नाही." ती थांबली. "आणि पॅनल मीच चुकीचं लावलंय, सर. माझं नाक साथीपासून बिघडलेलं आहे. तेही उद्या लिहून देते."

मग त्यांनी हळू आवाजात, पहिल्यांदाच मराठीत, तिच्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत, विचारलं की मग उद्यापासून मॅडम काय करणार. तिच्या घशात राख तशीच होती. आता ती खाली पोटापर्यंत पोचली होती आणि तिथून तिला थुंकून टाकता येणार नव्हती. खुर्चीतून चुटचुट असा आवाज आला. नाना रिकामा चमचा चोखत होते. युवराज स्वयंपाकघरातून जुन्या मालाचं दुसरं पाकीट घेऊन आला, कोपरा फाडला, आणि तिच्याकडे न बघता तिच्यापुढे धरलं.

तिने चमचा नानांच्या हातून सोडवून घेतला, भरला, आणि आधी आपल्या तोंडात घातला.